सुइणींची नावं आणि विटांचा हिशेब

गेल्या बैठकीत वर्गणी जमा झाली, वह्या मिटल्या आणि गप्पा निघाल्या कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसं म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. मिसर देशातल्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले, त्याची आठवण म्हणून हा सण. तेवढ्यात एकीनं विचारलं, "ताई, पण हे खरंच घडलं होतं का?" मग आम्ही शोध घेतला. तोच आज सांगतो.

गोष्ट बायबलमधल्या 'निर्गम' या भागातली. मिसरचा राजा फारो इस्राएली लोकांकडून विटा पाडून घेई. पुढे मोशे त्यांना सोडवून नेतो. निघालेले पुरुषच सहा लाख, असं तिथे लिहिलंय. बायका-मुलं धरली तर वीस लाखांच्या वर जातात. तेव्हाच्या अख्ख्या मिसरची वस्तीच तीस लाखांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. एवढी माणसं गेली असती तर शेतं ओस पडली असती. वाळवंटात त्यांच्या मोठ्या मुक्कामाची जागा म्हणून जी मानतात, तिथे खोदकाम झालं. एवढ्या जमावाची खूण काही मिळाली नाही. मिसरच्या लेखांतही या सुटकेची नोंद नाही. राजा आपली नामुष्की दगडावर कोरणार नाही हे खरं, पण वीस लाख माणसांच्या चुली कुठेतरी राख सोडतातच.

म्हणजे सगळं खोटं का? तसंही नाही. रेखमिरे नावाच्या मिसरी अधिकाऱ्याच्या थडग्यात साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे. त्यात परदेशी कैदी चिखल मळून विटा पाडताना दिसतात. दुसऱ्या रामसेस राजाच्या काळातली कातड्याची एक गुंडाळी आहे. कोणी किती विटा द्यायच्या आणि किती दिल्या, याचा हिशेब तिच्यावर आहे. गोष्टीत रामसेस शहराचं नाव येतं, ते शहरही नाईल नदीच्या मुखाजवळ सापडलंय. पळालेल्या दोन गुलामांचा सीमेपर्यंत पाठलाग केल्याचं एक पत्रही मिळालंय.

आणखी एक जुनी यादी आहे, एका घरच्या नोकरांची. त्यात चाळिसांहून जास्त जण पूर्वेकडून आलेले, आणि त्यांतल्या कितीतरी बाया विणकाम करणाऱ्या. त्यात शिफ्रासारखं एक नाव आहे. गोष्टीतल्या सुइणीचं नावही शिफ्राच. ही यादी काही शतकं आधीची, म्हणून ती हीच बाई नव्हे. पण अशा नावाच्या बायका तिथे राबत होत्या, एवढं नक्की.

इस्राएल हे नाव मिसरी लेखात पहिल्यांदा ठळक दिसतं ते इ.स.पूर्व १२०८ च्या सुमारास, मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात. तेव्हा हे लोक कनान देशात होते. तिथल्या डोंगराळ गावांतली मडकी कनानी घडणीचीच आहेत. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की गुलामांचा एखादा लहान जथा खरोखर निसटला असेल, डोंगरातल्या लोकांत मिसळला असेल, आणि त्याची आठवण पुढे सगळ्यांची झाली असेल. लिहून झाली ती कित्येक पिढ्यांनंतर. सांगता सांगता आकडा वाढला, पण विटांचा घाम खरा.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात राहिली. या कथेत फारोचं नाव कुठेच नाही. मुलगे मारा, हा त्याचा हुकूम ज्यांनी पाळला नाही, त्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींची नावं मात्र आहेत. आपल्या इतिवृत्तात बहुतेक वेळा अध्यक्ष-सचिवांचीच नावं राहतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या आजीची एक गोष्ट सांगावी. तिचं नाव, गाव आणि अंदाजे साल घालून ती वहीत लिहू. ऐकीव काय आणि पाहिलेलं काय, तेही वेगळं लिहू. म्हणजे आपल्या नातींना शोधताना इतके कष्ट पडणार नाहीत.