दाह, अ‍ॅस्पिरिन आणि कर्करोगाची गाठ
कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या रक्तपेशी आढळतात, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये नोंदवले. या पेशी दाहाची खूण असतात. मात्र दाह आणि गाठीची वाढ यांतील रासायनिक दुवा बराच नंतर उलगडला. दाहात वाढणारे कॉक्स-२ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, प्रोस्टाग्लँडिन ई-२ च्या निर्मितीस कारणीभूत ठरते आणि हा पदार्थ पेशीविभाजनाला चालना देतो, गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटू देतो, शिवाय प्रतिकारशक्तीलाही थोपवतो. अ‍ॅस्पिरिन ही साखळी तोडते. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण घटले, पण परिणाम दिसायला काही वर्षे जावी लागली. शिवाय या औषधाने जठरातील रक्तस्रावाचा धोका असतोच. कॉक्स-२ ला रोखणारे रोफेकॉक्सिब हे औषध तर आतड्यातील पॉलिप, म्हणजे अस्तरावरील लहान गाठी, रोखण्याच्या चाचणीतच हृदयाला घातक ठरल्याने २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले.