विज्ञानकथेची पहिली आवृत्ति ओळखावी कशी?

औशाच्या एखाद्या जुन्या घरीं दिवाळीपूर्वींची झाडलोट चाललेली असावी, माळ्यावरून पुस्तकांचा गठ्ठा खालीं यावा आणि त्यांत डॉ. जयंत नारळीकर यांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह निघावा. एक म्हणतो, ‘रद्दींत द्या’. दुसरा म्हणतो, ‘पुठ्ठा गेला आहे, नव्यानें बांधून घेऊं.’ आमची विनंति अशी कीं, दोहोंपैकीं कांहींही करण्यापूर्वीं तें पुस्तक उजेडांत नेऊन नीट पाहावें. मौज प्रकाशनानें हा संग्रह १९७९ सालीं काढला. त्याचे लेखक २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. तेव्हां पहिल्या आवृत्तीची प्रत घरांत असल्यास ती ओळखतां आली पाहिजे.

प्रथम नामपृष्ठाची मागील बाजू वाचावी. ‘पहिली आवृत्ति’ एवढेच शब्द पाहून हुरळून जाऊं नये. पुढील मुद्रणांतही ती ओळ बहुधा तशीच राहते व तिच्याखालीं ‘पुनर्मुद्रण’ म्हणून नवें साल येतें. त्यांतील शेवटचें साल तेंच प्रतीचें साल. नंतर वेष्टण पाहावें. ९७८ नें आरंभ होणारा १३ आंकडी ग्रंथक्रमांक २००७ पासून रूढ झाला; तो छापलेली प्रत १९७९ ची असणें शक्य नाहीं. याहून जुन्या पुस्तकांस दुसरी कसोटी आहे. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. १९६० चें म्हणविणाऱ्या पुस्तकांत प्रकाशकाच्या पत्त्यास तो छापलेला दिसला, तर तें मागाहून छापलें हें उघड आहे. वरून चिकटविलेली किंमत मात्र पुरावा नव्हे.

इंग्रजी पुस्तकांची तऱ्हा निराळी. अलीकडील पुष्कळ पुस्तकांत १ ते १० अशी अंकांची ओळ असते; नव्या मुद्रणाच्या वेळीं एक अंक गाळतात, म्हणून उरलेल्यांतील सर्वांत लहान अंक हा मुद्रणाचा क्रमांक. कधीं चूकच खूण ठरते. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीच्या १८९५ मधील अमेरिकन आवृत्तींत प्रथम लेखकाचें नांव ‘एच्. जी.’ ऐवजीं ‘एच्. एस्. वेल्स’ असें छापून गेलें. आज संग्राहक तीच प्रत शोधीत असतात.

आतां आपल्या गांवची एक खूण. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं निर्माण झाला; तोंवर औसा उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. नारळीकरांच्या त्या संग्रहावर ‘औसा, जि. उस्मानाबाद’ असा शिक्का असेल, तर प्रत आरंभींच्या तीन वर्षांतील असण्याचा संभव वाढतो. परंतु जुने शिक्के पुढेंही वापरांत राहतात. म्हणून ही साक्ष दुय्यम समजावी.

नव्यानें बांधतांना कडा कापल्या जातात आणि वेष्टण फेंकलें जातें. पुस्तक मजबूत होतें खरें, पण त्याची जन्मपत्रिका नाहींशी होते. म्हणून शिक्का खोडूं नये, फाटकें पान चिकटपट्टीनें जोडूं नये. स्वच्छ कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावें. आणि प्रत दुसऱ्या आवृत्तीची निघाली, तरी हिरमुसण्याचें कारण नाहीं. कथा त्याच आहेत. ती प्रत घरांतील मुलांच्या हातीं निश्चिंतपणें द्यावी.