काडतूस बंदुकीत नीट बसत नाही? ठोकू नका, आधी हे वाचा

भात पोटरीला आला की रानडुकरं शेतात उतरतात आणि वर्षभर कपाटात पडलेली पीक संरक्षणाची बंदूक बाहेर निघते. नेमकं तेव्हाच काडतूस पूर्ण आत जात नाही, किंवा गेलं तरी बंदूक बंद होत नाही. मग 'जरा जोर लावला की बसेल' म्हणून ते ठोकलं जातं. खरा धोका इथेच आहे.

काडतूस का अडतं?

काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाला चेंबर म्हणतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागदी काडतूस फुगतं, पितळी बुडावर हिरवट थर चढतो. चेंबरमध्ये गंज, घट्ट झालेलं जुनं तेल किंवा जळलेल्या दारूचा थर असला तरी काडतूस अडतं.

अशा वेळी काडतूस काढून बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंनी नळीतून उजेड दिसतो का ते पाहा. रिकाम्या बंदुकीचं चेंबर ब्रशने साफ करून पुसून घ्या. कोरडं, नवं काडतूसही अडलं तर बंदूक परवानाधारक कारागिराकडेच न्या. काडतूस कानशीने घासणं किंवा हातोडीने ठोकणं म्हणजे जिवाशी खेळ.

सहज बसलं म्हणजे बरोबर असंही नाही

बारा बोरच्या नळीवर साधारणपणे 65 किंवा 70 मिलिमीटर असं चेंबरचं माप कोरलेलं असतं. 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये बऱ्याचदा बसतं. पण बार उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब वाढतो.

याहून वाईट म्हणजे वीस बोरचं काडतूस. ते बारा बोरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून बारा बोरचं काडतूस घालून चाप ओढला, तर नळी फुटते. म्हणून दोन मापांची काडतुसं एका पिशवीत ठेवू नका.

चाप ओढला, पण बार उडाला नाही?

लगेच बंदूक उघडू नका. बार उशिरानेही उडू शकतो. नळी माणसं, गुरं नसलेल्या दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मगच काडतूस काढा.

गावठी बंदुकीला इलाज नाही

कारखान्यातल्या नळीची जादा दाबाने चाचणी घेतलेली असते. साध्या पाइपातून घरी बनवलेल्या बंदुकीत चेंबरचं माप अंदाजाचं आणि लोखंड कुठलं ते कुणाला माहीत नाही. घासून, ठोकून त्यात काडतूस बसवलं तर ते चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकतं. बोटं आणि डोळे अशानेच जातात.

शस्त्र अधिनियम 1959 नुसार विनापरवाना बंदूक बनवणं आणि दुरुस्त करणं, दोन्ही गुन्हे आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 7 वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणजे ओळखीखातर अशी बंदूक नीट करून देणारा गावातला कारागीरही अडकतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनविभागाकडून वेगळी घ्यावी लागते.