भर उन्हातला दिवा

वैशाखातली टळटळीत दुपार. अक्षता नुकत्याच पडलेल्या. नवरानवरीला मांडवाबाहेर उभे करून फोटोवाला फ्लॅशचा दिवा उडवू लागला, की एखादे आजोबा हमखास विचारतात, "अरे, सूर्य काय कमी पडला याला?" श्रोतेहो, प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जरा उलटे आहे. ऊन जितके कडक, तितकी या दिव्याची गरज अधिक.

कशी ते पाहू. दुपारी ऊन डोक्यावरून सरळ खाली येते. कपाळ, नाकाचा शेंडा, गालांचे उंचवटे लखलखतात आणि डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची जागा, गळा अंधारात जातात. त्यात नवरदेवाच्या फेट्याची सावली, आणि मुंडावळ्यांचे पट्टे गालावर ते वेगळेच. समोर उभे राहणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही. आपला डोळा एका जागी थांबत नाही. उजेडात आणि सावलीत फिरतो, दरवेळी स्वतःला जुळवून घेतो, आणि उरलेले काम मेंदू करतो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. त्याने एकदा एक माप धरले, की त्या मापाबाहेरचे उजळ ते पांढरे फटक आणि काळोखे ते काळे ठिक्कर!

म्हणून जाणता माणूस आधी जोडप्याची पाठ उन्हाकडे करतो. आता चेहरा एकसारख्या सावलीत आला, डोळे किलकिले होत नाहीत, आणि पदराच्या जरीला मागून उन्हाची सोनेरी कड मिळते. पण मग दुसरी अडचण. चेहऱ्यापुरते माप धरावे तर मागचे शेत आणि आभाळ धुऊन जाते. शेताचे धरावे तर मुलीचा चेहराच हरवतो. लग्नाचा फोटो पुन्हा काढता येत नाही, आणि तो पाहायचा असतो तो शेतासाठी नव्हे. ही तूट भरून काढायला फ्लॅश हवा.

आता तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर का बसवू नये? बसवला तर फोटो येतो, नाही असे नाही. पण जिथून आपण पाहतो तिथूनच उजेड गेला, की सावली दिसतच नाही, आणि सावलीवाचून चेहऱ्याला घडण नाही. नाक, गाल, हनुवटी सगळे एका पातळीत, भाकरी थापल्यासारखे. म्हणून दिवा काढून एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर धरावा. नथीची बारीकशी सावली पडते, गालाची गोलाई उभी राहते. कॅमेरा आणि दिवा यांच्यात हल्ली तार नसते. बटण दाबताच रेडिओलहरींनी इशारा जातो. आपण ज्या यंत्रावर ही भाषणे ऐकता, त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणा ना.

थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका. स्वच्छ उन्हात आय. एस. ओ. १०० ठेवले, तर शटर सेकंदाचा २०० वा भाग आणि छिद्राचा आकडा सुमारे ११ लागतो. शटर याहून फार जलद करता येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत शटर म्हणजे एकामागून एक धावणारे दोन पडदे असतात. वेग फार वाढला, की पहिला पडदा पुरता उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो. फ्लॅशचा झोत एवढासा, साधारण सेकंदाचा हजारावा भाग. तो पडद्यांमधल्या फटीतूनच आत जातो आणि फोटोवर काळा पट्टा उमटतो. काही नवे फ्लॅश भराभर लुकलुकून यातून वाट काढतात, पण त्यांचा जोर बराच घटतो.

फ्लॅशच्या जोराला एक क्रमांक असतो. त्याला छिद्राच्या आकड्याने भागले, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. क्रमांक ३३ आणि छिद्र ११, म्हणजे ३ मीटर. उजेड मऊ व्हावा म्हणून पांढरी छत्री लावली आणि निम्मा उजेड तिने खाल्ला, तर पल्ला २ मीटरांवर येतो. दिव्याचे अंतर दुप्पट केले, की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. शिक्षक मंडळींनी अंधाऱ्या खोलीत चौकटीच्या कागदावर विजेरी धरून मुलांकडून हे मोजून घ्यावे. गणिताचा एक तास सुखाने जाईल. सूर्य इतका लांब, की दोन पावलांनी त्याच्या उन्हात फरक पडत नाही. दिव्याच्या बाबतीत त्या दोन पावलांतच सगळे असते. म्हणून जोर कमी पडला, तर महागडा दिवा घेण्याआधी आहे तो जवळ आणून पाहावा.

जवळ आणावा, पण किती? मागच्या उन्हाच्या निम्मा उजेड चेहऱ्यावर पडला तरी पुष्कळ. इथे पुष्कळ फोटोवाले घसरतात, आणि दोष त्यांचा एकट्यांचा नाही. "मुलगी जरा उजळ दिसू द्या हो," असा आग्रह घरूनच असतो. मग जोर वाढवून सावळी मुलगी पिठूळ गोरी केली जाते. माझ्या मते हा त्या मुलीचा अपमान आहे. तिच्या आईला पुढे वीस वर्षे जो चेहरा भिंतीवर पाहायचा, तो तिच्या लेकीचाच असावा की नको?

फ्लॅश नसला तरी अडू नये. मोबाइलचा इवलासा दिवा उन्हापुढे कुचकामी आहे. त्याऐवजी दोघा पोरांना पांढरे धोतर ताणून चेहऱ्यांसमोर, छातीच्या उंचीवर पण चौकटीबाहेर धरायला सांगावे. उन्हाचा परतलेला उजेड डोळ्यांच्या खोबणी भरतो. मात्र तो सतत डोळ्यांवर येतो, त्यामुळे माणसे डोळे बारीक करतात. फ्लॅश उडून जाईपर्यंत पापणीला पत्ताही लागत नाही.

आणि छत्री लावलेला दिवा तिकाटण्यावर एकटा सोडू नका. उघड्या माळावर वाऱ्याची एक झुळूक पुरते. नवरीच्या धाकट्या भावाला तो धरायला उभा करावा.