इंग्रजी शब्द तुटतो कुठे, जोर पडतो कुठे

स्पेलिंग जितके लांब तितके शब्दाचे अवयव जास्त, हा सर्वांत रूढ गैरसमज. शब्दावयव, म्हणजे सिलॅबल, हा एका स्वराच्या आधाराने उच्चारला जाणारा तुकडा. तो कानाने मोजायचा. ‘स्ट्रेंग्थ्स’च्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरे आहेत, अवयव मात्र एकच. ‘एरिया’ची अक्षरे चार आणि अवयव तीन.

शब्दकोशात मूळ शब्दाच्या मधोमध दिलेले ठिपके उच्चाराचे तुकडे दाखवतात, असेही समजले जाते. ते मुख्यतः छापणाऱ्यांच्या सोयीचे असतात: ओळ संपली तर शब्द कुठे तोडावा, एवढेच ते सांगतात. ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकी छपाईत ‘एल’नंतर तुटतो, ब्रिटिश परंपरेत ‘एल’च्या आधी. उच्चारात त्याने काही फरक पडत नाही.

आघात म्हणजे नुसते मोठ्याने बोलणे, ही समजूतही अपुरी आहे. आघाताचा अवयव लांबतो, त्याची पट्टी बदलते आणि त्यातला स्वर स्पष्ट उमटतो. शेजारचे स्वर मात्र पुसट ‘अ’कडे झुकतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर आहे. ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार ‘फटॉग्रफी’च्या जवळ जातो. ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर तिसऱ्यावर. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, आणि सगळे स्वर बहुधा पुरते उच्चारले जातात. म्हणून मराठी बोलताना ‘फोटोग्राफी’ हाच उच्चार रास्त. अडचण येते ती इंग्रजी बोलताना.

मूळ शब्दावरचा आघात प्रत्यय लागला तरी हलत नाही, हे अर्धेच खरे. ‘मेंट’ आणि ‘नेस’ त्याला सहसा धक्का लावत नाहीत: ‘डेव्हलप’ आणि ‘डेव्हलपमेंट’ दोन्हींत जोर दुसऱ्या अवयवावरच, मराठी कानाला तो पहिल्यावर असावा असे कितीही वाटले तरी. ‘शन’, ‘इटी’ आणि ‘इक’ मात्र तो बहुधा आपल्या लगेच आधीच्या अवयवावर ओढून आणतात. अपवाद अर्थात आहेतच. ‘पॉलिटिक्स’मध्ये जोर पहिल्यावर आहे.

नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, हा नियम ‘रेकॉर्ड’ला लागू पडतो, ‘रिपोर्ट’ला नाही. ‘लॅबोरेटरी’त तर ब्रिटिश माणूस दुसऱ्या अवयवावर जोर देतो आणि अमेरिकन पहिल्यावर, दोन्ही बरोबर. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरणाऱ्या शब्दकोशांत आघाताची बारीक उभी रेघ जोराच्या अवयवाआधी असते. ती अवयवानंतरची समजून वाचली, की जोर एक घर मागे पडतो.