एकट्यानं ताम्हिणी : निघण्यापूर्वी

रस्ता : चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, माणगाव. साधारण १०० किलोमीटर. टाकी पौडलाच फुल करा. घाटात मोबाइलच्या रेंजचाही भरवसा नाही.

हंगाम : ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात घाट देखणा असतो हे खरं, पण धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो आणि कडेच्या शेवाळावर चाक गेलं की गाडी आडवी. सोबत कुणी नसताना ती उचलणार कोण? उतारावर गिअर खालचाच ठेवा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर प्रशासनाची बंदीही लागते. चौकशी करूनच निघा.

मुक्काम : ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झालं. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू नाही, शेकोटी तर नाहीच. त्यापेक्षा गावात विचारून कुणाच्या तरी अंगणात तंबू ठोकावा. पिठलं-भाकरीचीही सोय होते.

पाणी : मुळशीला समोर दिसणारा जलाशय मुळा नदीवरचा, टाटांच्या वीजप्रकल्पाचा. बुडणाऱ्या गावांसाठी इथेच १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. धरण तरीही झालं. त्याचं पाणी डोंगरापलीकडे, कोकणात, भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं.