चालक, वाहक आणि हृदयाचा धोका



हृदयविकार हा बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग, अशी समजूत कामगारवस्त्यांतून अजूनही आढळते. ती चुकीची आहे, हे एका बसगाडीनेच दाखवून दिले. आम्ही संघटनेचे काम करणारी माणसे. वैद्यकाची पदवी आमच्याजवळ नाही. तरीही हा विषय आम्ही मांडतो, कारण त्याचा संबंध जितका दवाखान्याशी आहे तितकाच कामाच्या ठिकाणाशी आहे.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक आणि वाहक असे दोघे काम करीत. दोघेही एकाच थरातले. चालक पाळीचा बहुतेक वेळ बैठकीवर खिळलेला. वाहक तिकिटे देत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० नोकरांची पाहणी केली आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाहकांत हृदयविकार कमी होता, झाला तर सौम्य होता, आणि झटक्यानंतर लगेच मरण येण्याचे प्रमाण चालकांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते.

यावर कोणी म्हणेल, चालक मुळातच स्थूल असतील. ही शंका मॉरिस यांनाही आली. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. चालकांच्या कंबरा खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण चालकांच्याही. पण पुढील पाहणीत असे दिसले की, सारख्या बांध्याच्या माणसांतही अचानक मृत्यू चालकांतच अधिक. म्हणजे कंबरेचा दोष खरा, आणि बैठकीचा दोषही खराच.

हे का घडते? पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून मेदाचे अंश यकृताकडे जात राहतात. मग यकृत आणि स्नायू इन्शुलिनचे ऐकेनासे होतात. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडते. ते थकले की रक्तातील साखर चढते. दरम्यान रक्तातील मेद वाढतो, रक्तदाब चढतो, आणि रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. १९८८ मध्ये डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी हे विकार एका कुळातले असल्याचे मांडले. आज त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपण चयापचयाचा विकारसमूह म्हणू.

त्याच्या खुणा पाच. कंबर आपल्याकडील पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० किंवा अधिक. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. आणि चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी. पाचांपैकी तीन जुळल्या की हा विकारसमूह आहे असे समजावे. एकेक आकडा थोडासाच वाढलेला असतो, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण ते एकत्र आले की धोका वाढतो.

"आम्ही तर सडपातळ," असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. विजारीचे माप धरू नये, कारण विजार पोटाखाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, माप घ्यावे.

उपाय साधे आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालणे. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. चहातील साखर आणि तळण कमी, डाळी-उसळी व भाज्या अधिक. तंबाखू आणि विडी पूर्ण बंद. डॉक्टरांनी दिलेली गोळी बरे वाटले म्हणून सोडू नये. छातीत दाब आला, दम लागला, घाम फुटला, तर पित्त समजून घरी न थांबता रुग्णालय गाठावे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना ७ टक्के वजन घटवण्याचे आणि एवढेच चालण्याचे लक्ष्य दिले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, हे २००२ मध्ये सिद्ध झाले.

परंतु बारा तास गाडी हाकणाऱ्याला "चालत जा" एवढेच सांगणे ही थट्टा आहे. चालायला वेळ लागतो, झोपेला वेळ लागतो, आणि उपाहारगृहात वडापावखेरीज काही मिळाले तरच पथ्य पाळता येते. म्हणून आमच्या मागण्या अशा: वर्षातून एकदा भरपगारी तपासणी, पाळीच्या मध्ये पाय मोकळे करण्याइतकी सुटी, उपाहारगृहात भाजी-भाकरी. आणि चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. तपासणीचा कागद कामगाराच्या हाती राहावा. त्यावरून त्याची भाकरी जाऊ नये, गरज पडल्यास त्याच पगारावर दुसरे काम मिळावे. ही हमी नसेल तोवर माणूस रक्तदाब लपवील, आणि लपवलेला रक्तदाब उतरत नाही. आपल्यापैकी जे मालक आहेत, अधिकारी आहेत, त्यांनी या चौथ्या मागणीचा आधी विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.